कारुरा ते पट्टी

बोईसर स्टेशनवरून तारापूर-चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात रक्त-लघवी तपासणाऱ्या बऱ्याच लॅब आहेत. सकाळी आठच्या सुमारास त्यांपैकी कोणत्याही एकीसमोर थोडा वेळ उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. रक्त द्यायचे असले तर माणूस बाही वर करून बिनदिक्कत बसतो. पण प्लास्टिकची छोटी डबी हातात दिली की त्याचा चेहरा उतरतो. कोणी ती रुमालात गुंडाळतो, कोणी वर्तमानपत्रात, आमच्या आयाबहिणी बुरख्याच्या आत धरतात. काही जण तर डबी घेऊन जातात ते परत येतच नाहीत.

आम्ही स्वतः याला अपवाद होतो, असे नाही. पहिल्यांदा ती डबी काउंटरवर ठेवताना आम्हालाही ओशाळल्यासारखे झाले होते. नेमका त्याच वेळी आजोबांच्या तोंडचा एक जुना शब्द आठवला : कारुरा. आजोबा सांगत, की त्यांच्या लहानपणी घरात कोणी आजारी पडले की सकाळची पहिली लघवी शिशीत भरून हकीमसाहेबांकडे न्यावी लागे. नब्ज आणि कारुरा या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय हकीमसाहेब नुस्खा लिहीत नसत. कारुरा म्हणजे काय, असे आम्ही विचारले, तर आजोबा म्हणाले, "शिशी, बेटा. काचेची शिशी."

आजोबांचे म्हणणे बरोबर होते. अरबीत कारुरा म्हणजे काचेची कुपी. तिचे अनेकवचन कवारीर. कुराण शरीफात हजरत सुलेमान आणि सबाच्या राणीच्या प्रसंगात महालाच्या काचेसाठी हाच शब्द आला आहे. जुन्या हकिमांनी शिशीचे नाव शिशीतल्या वस्तूला देऊन टाकले. बोलण्यात अदब राहिली आणि कामही झाले. उर्दूत तर दोघांचे स्वभाव जुळले की 'कारुरा मिल गया' असे म्हणतात. जी वस्तू आज आपण वर्तमानपत्रात लपवतो, ती एके काळी आपल्या वाक्प्रचारात होती.

वाचकहो, या लेखात आम्हाला त्या शिशीचा इतिहास सांगायचा आहे. विशेषतः लघवीतून जाणारे प्रथिन ओळखून आजार कसा पकडता येऊ लागला, तो इतिहास. तो सांगण्याचे कारण घरचेच आहे. ते पुढे येईलच.

चिंचणीचा ताम्रपट आणि कैरवानची शिशी

तारापूरला लागूनच चिंचणी आहे. १९५५ साली तेथे काही ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला तो लेख आहे. त्यावरून कळते, की संजाण मंडळाचा, म्हणजे आजच्या डहाणू-संजाण पट्ट्याचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. 'मधुमती' हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी मोफत नाव ठेवली होती आणि अन्नछत्र घातले होते. तेथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. एका मठिकेच्या दानातही त्याचा हात होता.

हा ताम्रपट येथे आठवण्याचे कारण असे, की त्याच शतकात ट्युनिशियातील कैरवान शहरात इस्हाक अल-इस्राईली नावाचा वैद्य अरबीत 'किताब अल-बौल', म्हणजे लघवीविषयीचा ग्रंथ लिहीत होता. इस्राईली धर्माने यहुदी, दरबार मुसलमानांचा आणि भाषा अरबी. पुढे अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन या आफ्रिकेहून इटलीत गेलेल्या विद्वानाने त्याचे लॅटिन भाषांतर केले. त्यानंतर कित्येक शतके युरोपातले वैद्य त्यावरच शिकले. इस्राईलीची पोथी संजाणच्या बंदरात उतरली होती, असा आमचा दावा मुळीच नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या काळी अरबी बोलणारे जग शिशीत निरखून पाहत होते, त्या काळी आपला हा किनारा त्या जगाला अनोळखी नव्हता.

इस्राईलीनंतर शेख बू अली सीना, म्हणजेच इब्ने सीना, आले. जन्म इसवी सन ९८०चा, बुखाऱ्याजवळचा. १०३७ मध्ये हमदानला त्यांचे निधन झाले. त्यांच्या 'अल-कानून' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात लघवीवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. नमुना कसा घ्यावा, याचे नियम आजच्या लॅबच्या भिंतीवर लावावेत इतके स्पष्ट आहेत. लघवी सकाळची पहिली असावी. त्याआधी काही खाल्ले-प्यालेले नसावे. केशरासारखे रंग सोडणारे पदार्थ पोटात गेलेले नसावेत. शिशी स्वच्छ आणि पारदर्शक असावी. नमुना ऊनवाऱ्यात ठेवू नये आणि फार वेळ पडू देऊ नये. त्यानंतर सात गोष्टी पाहायच्या : रंग, दाटपणा, स्वच्छ की गढूळ, गाळ, प्रमाण, वास आणि फेस. आजही युनानीच्या विद्यार्थ्यांना लौन, किवाम, रुसूब, जबद हे शब्द पाठ करावे लागतात. जबद म्हणजे फेस.

या फेसावर थोडे थांबले पाहिजे. लघवीवर बुडबुडे तरंगत राहिले तर आजार गुर्द्याचा आहे आणि तो लांबणार आहे, असे ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावरील सूत्रांत आले आहे. हकिमांनी हे ज्ञान जपले, वाढवले. अंडे फेटले की जो फेस येतो, तो त्यातल्या प्रथिनामुळे. लघवीतही प्रथिन जास्त असले की फेस येतो आणि लवकर विरत नाही. म्हणजे खूण बरोबर पकडली होती. कारण मात्र ठाऊक नव्हते.

आपल्याकडे काही मंडळी अशा वेळी लगेच म्हणतात, "हे सगळे आपल्या हकिमांनी हजार वर्षांपूर्वीच सांगितले होते." आम्हाला हे पटत नाही. हकिमांनी फेस पाहिला. फेस कशाचा आहे, हे त्यांनी काढले नाही. चार खिल्तांच्या सिद्धांतात, म्हणजे रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांच्या हिशेबात, त्याचे उत्तर बसवून दिले. पुढे पुढे तर शिशी पाहण्याचा धंदा झाला. रोग्याला न पाहता, दुरून पाठवलेल्या नुसत्या शिशीवरून भविष्य सांगणारे युरोपातही निपजले. १६३७ मध्ये थॉमस ब्रायन या इंग्रज वैद्याने अशा लोकांची टर उडवणारे पुस्तकच लिहिले. बढाई मारताना आपण हा भाग सोयीने विसरतो.

चमचा आणि मेणबत्ती

पुढचे पाऊल विस्तवाने टाकले. सतराव्या शतकाच्या शेवटी हॉलंडमधील लायडेनच्या फ्रेडरिक डेकर्स यांनी पाहिले, की काही रोग्यांची लघवी तापवून त्यात आम्ल टाकले की ती दुधासारखी फाटते. १७६४ मध्ये इटलीतील नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी अंगावर सूज आलेल्या एका शिपायाची लघवी तापवली. तिच्यात उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा जमला. शरीरातून अन्नाचे सत्त्व लघवीवाटे निघून जाऊ शकते, हे डोळ्यांना दिसले.

परंतु या निरीक्षणाला आजाराशी पक्के जोडले ते रिचर्ड ब्राइट यांनी. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील हे डॉक्टर. १८२७ मध्ये त्यांनी आपल्या रोग्यांच्या नोंदी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांची परीक्षा अगदी साधी होती. थोडी लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायची. पांढरे साकळले तर प्रथिन आहे. ब्राइट येथेच थांबले नाहीत. रोगी जिवंत असताना अंगावरची सूज आणि चमच्यातले पांढरे यांची नोंद ठेवली, मित्र जॉन बॉस्टॉक यांच्याकडून रक्ताची व लघवीची रासायनिक तपासणी करून घेतली, आणि रोगी दगावला तर शवविच्छेदन करून मूत्रपिंड पाहिले. ते खडबडीत, आक्रसलेले आढळे. सूज, प्रथिन आणि बिघडलेले मूत्रपिंड, ही साखळी अशी जुळली. पुढे शंभर वर्षे या आजाराला 'ब्राइटचा रोग' असेच म्हणत. १८४२ मध्ये गाइजमध्ये मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी ४२ खाटांचे दोन वॉर्ड काही काळ राखून ठेवले होते आणि शेजारीच प्रयोगशाळा दिली होती.

हकीम आणि ब्राइट यांच्यात फरक कोठे पडला? दोघांनीही शिशीकडे आदराने पाहिले. ब्राइटने शिशीला प्रश्न विचारला आणि उत्तर खरे की खोटे, हे शरीर उघडून पडताळले. आमच्या मते अभिमान बाळगायचाच असेल तर या पद्धतीचा बाळगावा. ती कोण्या एका कौमची नाही.

चाळणी

प्रथिन लघवीत येते म्हणजे नेमके काय होते? प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला अंदाजे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले बहुतेक सगळे परत शोषले जाते आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. गाळणीची भोके इतकी बारीक, की मीठ, साखर, युरिया यांसारखे छोटे कण पार होतात, पण अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रथिन अडून राहते. आटा चाळताना कोंडा चाळणीत राहतो, तसे. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जाते आणि त्यात अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असते.

मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे राहिला की ही चाळणी फाटू लागते. वाईट हे, की मूत्रपिंड दुखत नाही. दाढ दुखते, गुडघा दुखतो, मूत्रपिंड मात्र निम्म्याहून अधिक निकामी झाले तरी बहुधा तक्रार करीत नाही. थकवा, उलटी, सूज येऊन माणूस डॉक्टरकडे जातो तोवर बराच उशीर झालेला असतो. मग आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेला सुमारे चार तास डायलिसिस. विरारपासून डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ साली. त्याआधी मिळेल त्या शटलने आणि मेलने परळला, भायखळ्याला खेपा घालणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. येताना त्यांना बसायला जागा मिळाली तरी ते ती देवाची मेहेरबानी समजत. २०१६ पासून केंद्राच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरिबांना आधार मिळाला, हे मान्य. पण डायलिसिस हे फाटलेल्या चाळणीचे काम यंत्रावर ढकलणे आहे. चाळणी फाटू लागली आहे, हे काही वर्षे आधी फक्त लघवीतले प्रथिनच सांगू शकते. कित्येकदा रक्ताच्या तपासणीतसुद्धा ते तेव्हा दिसत नाही.

घरची गोष्ट

आता ते घरचे कारण. आमच्या नात्यातली एक सून सातव्या महिन्यात होती. पाय सुजले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटले, "या दिवसांत पाय सुजतातच." डोके दुखू लागले. म्हटले, "उन्हात कपडे वाळत घातले असतील." डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेव्हा कोणीतरी दम केलेले पाणी आणून दिले. दर खेपेला नर्सबाई डबी देत आणि लघवी मागत. ती लाजाळू पोर बाथरूमपर्यंत जाई आणि "आज होत नाही" असे सांगून डबी रिकामीच परत देई. घरी येऊन आपल्या सासूला सांगे, "सब ठीक है, अम्मी." एका रात्री तिला झटके आले. ती वाचली. बाळ वाचले नाही.

यात आम्ही दुसऱ्या कोणाला दोष देत नाही. डबी मागितली गेली होती. ती भरण्याइतके बळ आम्ही घरच्यांनी तिला दिले नव्हते.

तिला जे झाले त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात आणि झटके आले की एक्लॅम्प्सिया. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९०च्या वर जातो आणि बहुतेक वेळा लघवीत प्रथिन येऊ लागते. हा संबंधही जुनाच आहे. १८४३ मध्ये त्याच गाइज हॉस्पिटलमधील जॉन लिव्हर यांनी झटके आलेल्या बाळंतिणींची लघवी तापवून पाहिली आणि प्रथिन आढळल्याचे लिहिले. ब्राइटचा चमचा सोळा वर्षांत प्रसूतिगृहापर्यंत पोहोचला होता.

आपल्या उपकेंद्रांतल्या नर्सबाईंनाही पूर्वी हीच परीक्षा शिकवत. काचनळीत लघवी घ्यायची, वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा. गढूळ झाले तर ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर ते क्षार, राहिला तर प्रथिन. पालघर, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर काम केलेल्या जुन्या नर्सबाईंना विचारा. मेणबत्तीच्या जागी स्पिरिटचा दिवा, चमच्याच्या जागी काचनळी. इतिहास किती सहजपणे दारात येऊन उभा राहतो! २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्यात रक्तदाब आणि लघवीची तपासणी असते. वेळेत कळले तर रक्तदाबाची औषधे देता येतात आणि मॅग्नेशियम सल्फेटने झटके टाळता येतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. पण हे सारे सुरू होते ते रक्तदाबाचा पट्टा आणि ती डबी यांपासून.

कारखान्याच्या फाटकाशी

बोईसर-तारापूरच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्यानंतर औद्योगिक वसाहत आली आणि रसायने, रंग, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. उत्तर प्रदेश, बिहारपासून रायगड-रत्नागिरीपर्यंतचे लोक येथे भाकरीसाठी आले. त्यात आपले भाईबंदही पुष्कळ. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ९३.६९ गुणांसह तारापूरचा क्रमांक सर्वांत वर होता. अमुक कारखान्याने तमुक माणसाची किडनी खराब केली, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणायला तपासणी लागते, आणि तपासणी हाच तर आमचा मुद्दा आहे.

कारण कामगारांच्या लघवीतून मोठे धडे मिळाले आहेत. १९५० मध्ये स्वीडनच्या लार्स फ्रीबर्ग यांनी बॅटरीच्या कारखान्यातील कामगारांच्या लघवीत वेगळ्या प्रकारचे, लहान आकाराचे प्रथिन पाहिले. कॅडमियम या धातूच्या धुळीने त्यांचे मूत्रपिंड बिघडत होते. येथे चाळणी फाटलेली नसते. चाळणीतून सहज खाली येणारी लहान प्रथिने परत शोषून घेणाऱ्या नलिका निकामी होतात. जपानमध्ये जिंझू नदीकाठी कॅडमियममिश्रित पाण्यावरचा भात खाऊन लोकांची हाडे ठिसूळ झाली. वेदनांनी ते 'इताई इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' असे ओरडत. आजाराचे नावच ते पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याला प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन हे लहान प्रथिन लघवीतून वेगळे करण्यात आले. पुढे ते अशा कामगारांच्या तपासणीचे मुख्य साधन ठरले.

रंगाच्या कारखान्यांचा धडा त्याहून जुना. १८९५ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंग बनवणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे दाखवले. त्याचा छडा लावायला आता लघवीतल्या एनएमपी-२२ या प्रथिनाची तपासणीही मिळते. १९९६ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ती दुर्बिणीच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण मदत करते. लघवीतून वेदना नसताना रक्त गेले, तर रंगखात्यात काम केलेल्या माणसाने एक दिवसही थांबू नये. काम सोडून वीस वर्षे झाली असली, तरीही.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात नवे कलम घालण्यात आले. धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्याची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा व्हावी, तसेच त्याच्या आरोग्याची नोंद त्याला पाहता यावी, असे त्या कलमाने सांगितले. अणुकेंद्राच्या जड पाण्यावर चालणाऱ्या युनिटांत शरीरात ट्रिटियम किती गेले, हे कामगारांच्या लघवीवरूनच मोजतात. शास्त्रज्ञाला ज्या डबीची लाज वाटत नाही, तिची लाज ठेकेदाराकडच्या मजुराला का वाटावी? कंपनीत तपासणी झाली तर कागदाची नक्कल मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. रेशनकार्डाइतकीच ती महत्त्वाची आहे.

पट्टी

१९५७ मध्ये अमेरिकेतील एम्स कंपनीने अल्ब्युस्टिक्स ही पट्टी बाजारात आणली. दिवा नको, ॲसिड नको. पट्टीच्या टोकाला रंग भरलेला कागद असतो. प्रथिन लागले की पिवळ्याचा हिरवा आणि पुढे निळसर हिरवा होतो. बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहिले की झाले. हिपोक्रॅटिसचा फेस, इब्ने सीनांची शिशी आणि ब्राइटचा चमचा, सारे बोटभर पट्टीत मावले.

पट्टीला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. कॅडमियमच्या आजारातले लहान प्रथिन तिला दिसत नाही. १८४७ च्या सुमारास लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांनी हाडांच्या मज्जेच्या कर्करोगात वर्णन केलेले प्रथिनही तिला बहुधा चुकते. ते प्रथिन तापवले की साकळते आणि उकळले की पुन्हा विरघळते. उलट ताप, खूप श्रम किंवा मासिक पाळी यांमुळे पट्टी निरोगी माणसातही रंग दाखवू शकते. म्हणून एकदा रंग आला की घाबरायचे नाही, आणि एकदा आला नाही म्हणून निश्चिंतही व्हायचे नाही. पुन्हा तपासायचे.

मधुमेहींसाठी आता त्याहून बारीक तपासणी आहे. लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे इशारा. त्याच्या वर म्हणजे चाळणी चांगलीच फाटली. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि नंतर दरवर्षी ही तपासणी करावी, असे तज्ज्ञ सांगतात. इशारा मिळून उपयोग काय, असे कोणी विचारील. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या गोळीने मधुमेहींच्या मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो, हे सिद्ध झाले. २०१९ नंतर आणखी नव्या गोळ्यांनी तेच दाखवले. म्हणजे इशारा वेळेवर कळला तर यंत्राकडे जाण्याची वेळ कित्येक वर्षे पुढे ढकलता येते. कित्येकांवर ती येतच नाही. २००६ मध्ये निरोगी माणसाच्या लघवीत शास्त्रज्ञांनी दीड हजारांहून अधिक प्रथिने मोजली. उद्या त्यांतून आणखी कोणते आजार वाचता येतील, याचा शोध चालू आहे. पण बोईसरच्या माणसाला उद्याची वाट पाहण्याची गरज नाही. त्याच्या कामाची तपासणी आजच, काही रुपयांत, त्याच्या गल्लीत होते.

राहता राहिली लाज. पेशाब नापाक आहे. कपड्याला लागला तर धुतला पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण तहारतीचे मसले ज्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते, अशा हकिमांनी शतकानुशतके शिशी हातात घेतली, उजेडात धरली, हुंगली आणि तिच्यावर ग्रंथ लिहिले. त्यांना ती घाण वाटली नाही, कारण तिच्याआड त्यांना माणसाचा जीव दिसत होता. त्यांच्या नावाने जलसे भरवायचे, शाळांना त्यांची नावे द्यायची आणि घरातल्या सुनेने डबी रिकामी परत दिली तर विचारायचेही नाही, हा कसला वारसा?

आमच्या घरी आता एक नियम आहे. कोणी तपासणीला निघाले की मोठे माणूस बरोबर जाते आणि डबी काउंटरवर ठेवल्याशिवाय परत येत नाही. मागच्या महिन्यात त्याच सुनेबरोबर आम्ही बोईसरला गेलो होतो. तिला पुन्हा दिवस गेले आहेत. ती आतून आली, तेव्हा डबी तिच्या हातात उघडीच होती, वर्तमानपत्र नाही की रुमाल नाही. तिने ती टेबलावर ठेवली आणि स्वतःचे नाव स्वच्छ आवाजात सांगितले. मुलीने पट्टी बुडवली. थोड्या वेळाने ती बाटलीवरच्या रंगांशी लावून पाहिली.

पट्टी पिवळीच होती. आम्ही पुढच्या महिन्याची तारीख लिहून घेतली आणि बाहेर पडलो.